पित्तपाल

मिरजेच्या शस्त्रक्रिया केंद्रात त्या दुपारी पित्ताशयांचा विसावा वाढदिवस होता. २०४१ साली या केंद्रात बेंबीजवळच्या टाचणीएवढ्या छिद्रातून खडे काढून घेतलेले दोनशे अकरा जण मेळाव्याला आले होते. पूर्वी खड्यांबरोबर पित्ताशयाची पिशवीच काढून टाकत, कारण ती ठेवली तर खडे पुन्हा होत. इथे पिशवी ठेवून तिच्यात ‘पित्तपाल’ सोडले होते. हे डोळ्यांना न दिसणारे कण पित्त दाट होऊ लागलं की ते पातळ करत. वीस वर्षांत एकालाही खडा झाला नव्हता.

मुलींना कुस्ती शिकवणाऱ्या वस्ताद हौसाक्का माळी तांबड्या रश्शाची तिसरी वाटी संपवत होत्या. शेजारी त्यांचे यजमान दत्तोबा. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर इरफान मणेर येऊन समोर बसले.

“आक्का, तुम्हाला शेवटचा राग कधी आला?”

आक्का आठवू लागल्या. उत्तर दत्तोबांनी दिलं. “ऑपरेशनच्या आधी! मी मिठाची बरणी फोडली, तर अख्खी गल्ली गोळा झाली होती. त्यानंतर सोन्यासारखा संसार.”

“तेच तपासतोय,” डॉक्टर म्हणाले. “पित्त नुसतं तेल-तूप पचवत नाही. त्यातली आम्लं मेंदूला निरोपही पोचवतात. पित्तपालांनी तो निरोपसुद्धा पातळ केलाय. राग आला की पित्त खवळतं म्हणायचे, ते अगदीच खोटं नव्हतं.”

“मग चांगलंच की!” म्हणून आक्का हसल्या, आणि मधेच थांबल्या.

“आमच्या तालमीतली मुक्ता राज्याच्या फायनलला होती, डॉक्टर. पंचानं तिचा चितपटीचा डाव उघड उघड नाकारला. पोरगी माझ्याकडं बघत राहिली, वस्ताद आता भांडणार म्हणून. मी पंचाला विचारलं, चहा झाला का? मुक्तानं कुस्ती सोडली. मला वाटलं, बरं झालं, पोरीला विश्रांती मिळंल.”

आक्कांनी वाटी खाली ठेवली.

“पित्तपाल काढता येतात,” डॉक्टर हळूच म्हणाले. “खडे मात्र परत होतील. तुम्ही म्हणाल तसं करू.”

आक्का ताडकन उठल्या. त्यांनी पदर खोचला, छाती भरून घेतली. “मला न विचारता माझा राग नेलात तुम्ही! माझ्या पोरीचं...” वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांना हसू फुटलं. पोट धरून त्या खाली बसल्या. “न्हाई जमत, डॉक्टर. राहू द्या तसंच. लई बरं वाटतंय. तुम्ही जेवलात का?”

डॉक्टरांनी मग माईक घेऊन सगळ्यांनाच खरं ते सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी त्यांच्या गळ्यात हार घातला. निघताना प्रत्येकाने त्यांचा हात हातात घेऊन आभार मानले, आणि निदान एखादा तरी शिवी हासडेल या आशेने डॉक्टर मणेर एकेक हसरा चेहरा निरखत राहिले.