दोन्ही दंडांत, आजच

एर्मेस दालपियाझने मला विचारलं आणि मी हो म्हटलं. झालं, गोष्ट संपली.

आता हे विसरा. असं काही अजून घडलेलंच नाही. मी, बुर्गी गाम्पर, इटलीच्या उत्तर टोकाला असलेल्या, बहुतेक जर्मन बोलणाऱ्या आमच्या प्रांताच्या आरोग्य खात्यात इटालियन पत्रकांचं जर्मन भाषांतर करते, आणि ऑक्टोबरातल्या त्या रविवारी सकाळी एर्मेस नावाचा माणूस जगात आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

बोझेन शहरातून वर डोंगरात जाणाऱ्या केबलकारमध्ये धुकं आमच्या आधी येऊन बसलं होतं. काचेबाहेर लार्चची पिवळी झाडं एकेक करून दिसायची... आणि पुसली जायची. माझ्या मांडीवर लसीच्या पत्रकांचा गठ्ठा होता. समोरच्या तरुणाच्या मांडीवरही गठ्ठा होता. त्याचे केस ओले होते, पापण्या गरजेपेक्षा लांब होत्या, आणि तो माझं पत्रक उलट्या बाजूने वाचत होता.

"माफ करा," तो पुस्तकी जर्मनमध्ये म्हणाला, "तुमचं... जुनं झालंय."

"काय?"

"पत्रक."

"अहो, परवा छापलंय!"

"तेच तर. माझं काल संध्याकाळचं आहे."

"अनोळखी मुलींशी नेहमी अशीच सुरुवात करता?"

"छे. नेहमी हवामानावर बोलतो. पण आज ते दिसतच नाहीये."

मी हसले नाही. खिडकीकडे तोंड करून हसले, ते धरत नाहीत.

आमच्याकडची पद्धत अशी: रोमहून सूचना येते, एर्मेसच्या, म्हणजे समोरच्या याच तरुणाच्या, विभागात तिचं इटालियन पत्रक बनतं, त्यावर सही होते आणि मगच ते माझ्याकडे येतं. मी भाषांतर करेपर्यंत रोमचं मन बदललेलं असतं. त्यामुळे आमच्या जर्मन बोलणाऱ्या पेशंटांना माहिती ताऱ्यांच्या उजेडासारखी मिळते: सुंदर, पण निघून बराच काळ लोटलेली. माझ्या पत्रकात होतं, फ्लूची आणि कोविडची लस यांत दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. त्याच्यात होतं, दोन्ही एकाच दिवशी चालतील, एकेका दंडात एकेक.

लेर्शबर्ग गावात, अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये, चर्च सुटल्यावर लसीकरण होतं. मला घोर एकाच बाईचा होता. मोईडल मावशी. माझ्या बाप्तिस्म्याला तिनेच मला हातांवर धरलेलं. गेल्या हिवाळ्यात फ्लूने तिला इस्पितळात नेलं आणि अर्धीच परत पाठवली. यंदा ती लस घेणार होती, पण एका अटीवर: आमच्या भाषेत नीट लिहून द्या.

आणि मी घोळ घातला. आमच्या प्रांतात कायद्याने एक भाषा भिंतीवर एकटी लटकू शकत नाही. इटालियन पत्रक लावलं की शेजारी जर्मन हवंच. जर्मन होतं ते जुनं. मी तेच लावलं. रिकाम्या जागेपेक्षा चूक बरी, अशी आम्हा लोकांची शिकवण.

मोईडल मावशीला इटालियन वाचता येतं. हे ती फक्त भांडताना उघड करते.

"बुर्गी! हे काय गं?" तिने चष्मा पुसून पुन्हा लावला. "त्यांना दोन्ही एका दिवशी, आणि आम्ही दोन आठवडे थांबायचं? आमचे दंड काय हलक्या दर्जाचे आहेत?"

"मावशी, आमचं जुनं आहे, नवीन अजून—"

"म्हणजे त्यांना आजचं शहाणपण आणि आम्हाला शिळं! चला रे घरी."

अर्धा हॉल कोट घालू लागला. डॉक्टर नवीन पत्रक बरोबर असल्याचं ओरडून सांगत होते, पण तोंडी सांगण्यावर आमच्याकडे हवामानखात्याएवढाच विश्वास.

एर्मेसने माझ्या गठ्ठ्यातलं एक पत्रक काढलं, कोऱ्या पाठीवर पेन ठेवलं आणि माझ्यापुढे सरकवलं. "मी वाचतो. तुम्ही जर्मन करा."

"सही नाही झाली."

"माझी चालेल?"

तो हळू आवाजात वाचत गेला, मी लिहीत गेले. मध्ये एकदा माझं पेन थांबलं... कारण त्याचा कोपर माझ्या कोपराला टेकला होता आणि दोघांपैकी कुणीही तो हलवला नाही. डॉक्टरांनी कागद तपासला, मान डोलावली.

"वाचून दाखव," मावशी म्हणाली. "तू नको. त्याला वाचू दे."

"मावशी, त्याचं जर्मन—"

"म्हणूनच. खोटं बोलण्याइतकं त्याला येत नाही."

एर्मेस उभा राहिला. "आदरणीय दंडधारकांनो" अशी त्याने सुरुवात केली. कागदावर असं काहीही नव्हतं. हॉल हसला. पण कोट खुर्च्यांवर परतले.

मावशीने दोन्ही बाह्या वर केल्या. "दोन्ही दंडांत, आजच. आणि ए पोरा, इथं बस. मी बेशुद्ध पडले तर तुझ्या अंगावर पडेन."

ती पडली नाही. सुईनंतर तिने त्याला भाजलेल्या चेस्टनट्सचा पुडा दिला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी घाईने खुर्च्या मोजल्या.

परतताना धुकं विरलं होतं. खाली दरीत दिवे लागत होते आणि सफरचंदांच्या बागांवर निळसर संध्याकाळ उतरत होती. या वेळी तो समोर बसला नाही. शेजारी बसला.

"जुन्या पत्रकाप्रमाणे," तो म्हणाला, "मी दोन आठवडे थांबायला हवं."

"कशासाठी?"

"एक विचारायचं होतं..."

"आणि नव्या पत्रकाप्रमाणे?"

"एकाच दिवशी चालतं."

"मग जुनं कशाला वाचताय?"

त्याने एक चेस्टनट सोलून माझ्या तळहातावर ठेवला. त्याच्या खिशात राहून कोमट होता. "पुढच्या रविवारी आमच्याकडे जेवायला येशील? आई पोलेंटा करते."

'येशील' म्हणाला, 'याल' नाही. मला ऐकू आलं. पण भाषांतरकाराने मूळ वाक्य पूर्ण होऊ द्यायचं असतं, म्हणून मी चेस्टनट तोंडात टाकला.

"आणि त्याच्या पुढच्या रविवारी," तो म्हणाला. "आणि त्याच्या... म्हणजे, मला वाटतं, सगळ्याच."

मी हो म्हटलं.

सबब, माननीय प्रांतिक प्रशासनास विनंती, की जर्मन, इटालियन व लादिन या तीन नोंदणीकृत भाषिक गटांसोबत चौथा गट मान्य करण्यात यावा. लोकसंख्या दोन. सरकारी नोकऱ्यांत प्रमाणानुसार मिळणारा आमचा वाटा, अंदाजे एक पेपरवेट, इतर गटांनी वाटून घ्यावा. मात्र सदर गटाच्या सदस्यांस एकमेकांच्या मनातली अद्ययावत माहिती, सहीची वाट न पाहता, त्याच दिवशी मिळण्याची व्यवस्था तातडीने करावी.