गाण्यातली कोरी जागा

“मृणाली, पुतळीची गाणी गेली.”

रोह्याच्या घरात फोन वाजला तेव्हा मृणाली चौबळ नुकतीच पहिल्या शिफ्टवरून आली होती. चपलासुद्धा अजून पायातच होत्या. पलीकडे गोदूबाई होत्या. शाळेत तिला मराठी शिकवणाऱ्या बाई, आता सत्तरी ओलांडलेल्या. पेणच्या एसटीडी बूथमधून त्या जुन्या सवयीने मोठमोठ्याने बोलत होत्या, जणू तारेपेक्षा आवाजावरच त्यांचा जास्त भरवसा होता.

“गेली म्हणजे?”

“कॉम्प्युटरमधून पुसली कुणीतरी. हिरामण म्हणतो, शीराचंच काम. चौकीत तक्रार देतो म्हणतोय. त्या पोरीचं विमान आठवडाभरात आहे गं. एकदा नाव चौकीत गेलं की ती कसली जाते! आणि गेली तरी चोर म्हणून जाईल. तू ये.”

मृणालीने डोळे मिटले. धाटावच्या कंपनीत दिवसभर कॉम्प्युटरच सांभाळायचे, आणि घरी आल्यावरही सुटका नाही.

“येते बाई. पण तोवर त्या मशीनला कुणाला हात लावू देऊ नका. चालूसुद्धा करायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिने सकाळची एसटी पकडली. पर्समध्ये एक फ्लॉपी होती, पुसलेल्या फायली परत आणणाऱ्या प्रोग्रॅमची. नागोठण्याला अर्धी गाडी उतरली, तेव्हा कुठे बसायला जागा मिळाली. लग्नसराईचे दिवस, बाहेर कडक ऊन. गडबपर्यंत तिला डुलकी लागली. पुतळी मात्र मिटल्या डोळ्यांसमोरून हलेना.

पुतळी म्हणजे पेणच्या खाडीकाठच्या खारेपाटातली शेवटची मोठी धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंतचे सगळे विधी धवलारीण गाऊन पार पाडते. तिचे गाणे हाच मंत्र. मृणालीने लहानपणी मैत्रिणीच्या ताईच्या हळदीला तिला ऐकले होते. मांडवात पुरुष पान लावत बसलेले, आणि कोपऱ्यात ही काळीसावळी बाई डोळे मिटून गात होती. ऐकत होत्या त्या फक्त बायका.

ती गाणी पुस्तकात यावीत म्हणून गोदूबाईंनी दोन वर्षे जीव टाकला. पुतळी टेपरेकॉर्डरसमोर तोंड उघडायला तयार नव्हती. गोदूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांच्याने लिहिणे होत नव्हते. मग पुतळी हिरामणच्या छापखान्यात येऊन बसायची, समोर तांदूळ आणि दिवा मांडून गायची, आणि तिथली ऑपरेटर शीरा ते थेट कॉम्प्युटरवर टाइप करायची. यंदाच्या होळीला पुतळी गेली. आता जे काही होते ते त्या मशीनमध्येच होते.

छापखान्यात गोदूबाई वाट बघत बसल्या होत्या आणि हिरामण पाटील जुन्या यंत्रापाशी वाकून उभा होता. कॉम्प्युटर आला तरी बहुतेक लग्नपत्रिका तो शिशाचे खिळे जुळवूनच छापायचा. चिमट्याने त्याने एक ओळ उचलून बाहेर काढली.

“या मॅडम. एक मिनिट. नवरीचा मामा रुसलाय, त्याचं नाव काढायचंय.” नाव काढलेल्या जागी त्याने शिशाच्या पट्ट्या मोजून मोजून बसवल्या. “ओळ काढली तर तेवढंच शिसं भरावं लागतं. नायतर अख्खं पान ढासळतं. मामा गेला तरी मामाची जागा राहते.” तो हसला. मग एकदम गंभीर झाला. “पोरीनं घात केला बघा.”

“कशावरून म्हणता?”

“शुक्रवारी शेवटी तीच बसली होती. सोमवारी बघतो तर फाइल नाय. पुस्तकावर माझं नाव घाला म्हणून भांडलीवती. आता देश सोडून चाललीय, तिला काय?”

“शनिवारी?”

“शनिवारी ती येतच नाय. त्यांचा धर्माचा दिवस. हरेश होता. रविवारी बंद.”

“तुम्ही कधी बसता कॉम्प्युटरवर?”

“मी? बटणं दाबायची माहीत, बाकी मला त्यातलं काय कळतंय?” त्याने भिंतीवरच्या फोटोकडे हात केला. फोटोत फेटा बांधलेला करारी म्हातारा होता. “आम्ही उघाडीवाले पाटील. खाडीचं पाणी सोडायची फळी आजोबांच्या हाती असायची. आता पोराचं, साहिलचं, जमतंय. चांगलं घर आहे, शिकलेली माणसं. त्या गडबडीत हे लचांड.”

“फ्लॉपीवर दुसरी प्रत नव्हती?”

“होती. बुरशी धरलीन. पेणची हवा, मॅडम.”

हरेश हा छापखान्यातला दुसरा ऑपरेटर. तिशीचा, बोलघेवडा. आज मात्र मोजकेच बोलत होता.

“शनिवारी कधी आलास?”

“जेवून. सकाळी हळदीला गेलोवतो.”

“मशीन कुणी चालू केलं?”

“मीच. तारीख पण घातली. नाय घातली तर शीरा सोमवारी डोकं खाते. एक घाईची पत्रिका टाइप केली न् गेलो.”

“गाण्यांची फाइल होती तेव्हा?”

“बघितलंच नाय. आईची आण.”

“तू यायच्या आधी इथं कोण होतं?”

हरेशने हिरामणकडे पाहिले, मग जमिनीकडे. “दारात बायजाकाकू भेटली. परत चाललीवती.”

बायजा म्हणजे पुतळीची सून. आता लग्नात गायला लोक तिला बोलवायचे. ती बोलावण्याची वाट न बघता मघापासून पायरीवर येऊन बसली होती.

“तुम्ही शनिवारी इथं आला होता?”

“व्हय. सासूचा दिवा ऱ्हायला व्हता हितं, तो न्यायला. हिरामण एकलाच व्हता आत. नंतर ये, बोलला.”

“पुस्तक व्हावं असं तुम्हाला वाटत होतं?”

“नाय.” तिने सरळ सांगितले. “गानी गल्यात असतान. कागदावं गेली का मग धवलारनीला कोन पुसतंय? पन मना लिवता येत नाय, वाचता येत नाय. त्या डब्याला मी हातपन नाय लावला. आमची म्हातारी त्याला तांदूळ वाहायची. भ्याव वाटतं.”

शेवटी शीरा आली. शीरा आष्टमकर, सव्वीस-सत्तावीसची, नेटकी वेणी घातलेली. सोबत वडील होते. डेव्हिडकाका दारातच थांबले. त्यांच्या नातलगांपैकी बहुतेक जण केव्हाच इस्राएलला गेले होते. पेणमधली ज्यूंची घरे आता बोटांवर मोजण्याइतकी.

“नावावरून भांडलीस?”

“भांडले. पण पुस्तकावर पुतळीआजीचं नाव मोठं घाला म्हणून. माझं नाही.” तिने नाक ओढले. “ताई, दीड वर्ष ती माझ्या शेजारी बसून गायली. मी पुसेन?”

“रडू नकोस. माझ्याशेजारी बस.”

मृणालीने मशीनचे बटण दाबले. मुंबईच्या एका ऑफिसातून जुने म्हणून घेतलेले ते खोके घरघरत जागे झाले आणि त्याने आधी तारीख विचारली.

“याच्यात घड्याळ नाही,” शीरा म्हणाली. “रोज चालू करताना विचारतं. नुसतं एन्टर दाबलं तर सन ऐंशीचा एक जानेवारी धरून बसतं. म्हणून मी हरेशच्या मागे लागते.”

मृणालीने तारीख घातली, आपली फ्लॉपी सरकवली. सगळे मागे येऊन उभे राहिले.

“येतील का गं परत?” गोदूबाईंनी विचारले.

“बाई, फाइल पुसली म्हणजे घर पाडलं असं नसतं. दारावरची पाटी तेवढी काढलेली असते. आत दुसरं बिऱ्हाड येईपर्यंत सामान जागच्या जागी असतं. म्हणून तर म्हटलं, मशीनला हात लावू नका.”

पडद्यावर पुसलेल्या फायलींची नावे एकेक करून उतरली. गाण्यांची फाइल होती. शुक्रवारची तारीख. शेवटची चार-पाच गाणी हरेशच्या पत्रिकेखाली चिरडली गेली होती. बाकी पुतळी सगळी तिथेच होती. गोदूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

मृणाली मात्र उठली नाही. खाली आणखी एक पुसलेली फाइल होती. जवळपास तेवढीच मोठी. तारीख, सन ऐंशी.

तिने ती उघडली. तीच गाणी, त्याच क्रमाने; शेवटची याच्यातही चिरडलेली. एका हळदीच्या गाण्यात मध्येच चार ओळींची जागा कोरी होती. तिने त्या जागेत कर्सर नेला. तो एकेक घर पुढे सरकत राहिला. कुणीतरी ओळी खोडून तिथे नेमक्या तेवढ्याच रिकाम्या जागा टाइप केल्या होत्या.

तिने पाठ खुर्चीला टेकली. खरे शोधून काढायचे म्हणजे कुणाला तरी तोंडावर सांगायचे आले, आणि त्याचाच तिला कंटाळा होता.

“हिरामणभाऊ, बसा,” ती म्हणाली.

“मी कशाला बसू?”

“उभ्याने ऐकवणार नाही म्हणून.” ती हळू बोलू लागली. “ही दुसरी फाइल ज्याने केली त्याने मशीन चालू करताना तारीख घातली नाही. शीरा रोज घालते, आणि शनिवारी ती आलीच नव्हती. हरेशने घातली. त्याच्या पत्रिकेवर शनिवारची बरोबर तारीख आहे. बायजाबाईंना वाचता येत नाही, आणि यात तर शोधून नेमक्या चारच ओळी काढल्यात.”

“मग कोनी बाहेरचा आला असेल.”

“बाहेरचा असता तर ओळी पुसून मोकळा झाला असता. कॉम्प्युटरवर ओळ काढली की खालचा मजकूर आपोआप वर येतो. इथं पान ढासळत नाही, भाऊ. तरी कुणीतरी मोजून मोजून जागा भरलीय.” तिने जुन्या यंत्राकडे पाहिले. “जन्मभर काढलेल्या ओळीच्या जागी शिसं भरणारा माणूसच असं करतो. त्याचे हात त्याला दुसरं करूच देत नाहीत.”

हरेशने जीभ चावली. हिरामणच्या हातातला चिमटा यंत्रावर पडून वाजला.

“काय होतं त्या चार ओळींत?” गोदूबाईंनी विचारले.

मृणालीने शुक्रवारची फाइल पुन्हा उघडली. “शीरा, वाच.”

शीरा वाचू लागली, पुतळी जसे म्हणायची तसेच.

“खांडीचे तोंडाशी हौसा, हलद अंगा वली,
उघारीचे पाटलान बांद फोरला, पोर व्हावून गेली.
घरान सांगला दुनियेला, पाय निसटला तिचा,
नवरी बाय, तू इसरू नको, बांद व्हता कुनाचा.”

भिंतीवरचा फेटेवाला म्हातारा वरून बघत होता.

“हौसा म्हंजे याचे आजोबाची पैली बायको,” बायजा म्हणाली. “हलद उतरली नव्हती. उधानाचं पानी आलं. आपला भात वाचवाया त्यान रातीचा पलीकरचा बांद फोरला. पलीकरं तिचे बापाचं शेत. ही बांदावं आरवी उबी ऱ्हायली. त्यान बगून फोरला, खांड परली, ती गेली. आमच्या बायकांनी ती गान्यात घातली, नवरीला ठावं असावं म्हनून.”

“दर लग्नात म्हणता?” गोदूबाई.

“दर लग्नात. याचे लग्नातपन म्हटली. पुरुष कवा ऐकतान?”

हिरामण खाली बसला. एकाएकी तो फार म्हातारा दिसू लागला.

“खरंच नव्हतं ऐकलं,” तो म्हणाला. “प्रुफं काढायच्या आधी शनिवारी सहज वाचायला बसलो. शीराचं बघून बघून बटणं ठाऊक झालीवती. अन् हे वाचलं. मांडवात गायलेलं वाऱ्यावर जातं, मॅडम. छापलेलं साहिलचा सासरा वाचणार. त्या घरात पोरगी देऊ नका म्हणतील.”

“म्हणून चार ओळी काढल्यात.”

“काढल्या. पण भोक दिसत होतं. कुणीपण विचारलं असतं, हितं काय होतं? बायजा दारात येऊन गेली तसा घाबरलो. जुनी पुसली, नवी पुसली. मशीन बंद केलं.”

“आणि माझं नाव सांगितलंत,” शीरा म्हणाली.

“तू जाणारच होतीस...” हिरामण म्हणाला.

“आमचे आजोबा इथल्याच घाण्यावर तेल काढायचे,” दारातून डेव्हिडकाका शांतपणे म्हणाले. “तुझे आजोबा आमच्याकडचंच तेल न्यायचे, हिरामण. जाणाऱ्याच्या माथी काही मारावं असं तेव्हा कुणाला सुचलं नव्हतं.”

शीराने डोळे पुसले. “मला चौकी नको. फक्त, रविवारी पेणमधले आमचे सगळे लोक मला निरोप द्यायला घरी जमणार आहेत. त्यांच्या कानावर गेलंय की शीराने चोरी केली. तुम्ही या आणि तुमच्या तोंडाने सांगा. मग मी जाते.”

हिरामणने मान हलवली. “येतो.”

“पुस्तक?” गोदूबाईंचा आवाज वर्गातला झाला.

“छापतो. हौसा आहे तशी छापतो. साहिलच्या सासऱ्याला पहिली प्रत मीच नेऊन देतो. जमलं तर जमलं.”

“चिरडलेली गाणी?”

सगळ्यांनी बायजाकडे पाहिले. तिने तोंड फिरवले. मग कमरेचा पदर सोडून पुन्हा खोचला.

“म्हातारीचा दिवा आना हिकरं. नि तांदूळ. त्या डब्याचं भ्याव वाटतंय, पन बसतंय.”

मृणालीने फाइल दोन नव्या फ्लॉप्यांवर उतरवली. एक गोदूबाईंना दिली, एक शीराला, घेऊन जायला. दुपारच्या गाडीने निघायचे होते. अंग मोडून आले होते आणि उद्या पुन्हा पहिली शिफ्ट होती.

हिरामण चपला घालू लागला. रविवारपर्यंत धीर राहील की नाही कोण जाणे, म्हणून आत्ताच डेव्हिडकाकांबरोबर त्यांच्या आळीत जाऊन येतो म्हणाला. उंबऱ्यापाशी त्याचा पाय अडला.

बायजा कॉम्प्युटरसमोर तांदूळ पसरत होती. तिने वर बघितलेसुद्धा नाही.

“जा की. समदा सांग,” ती म्हणाली. “नि मधला काय गालू नको.”