कमी आंबट दही

गार्गीनं मटकीची उसळ तिसऱ्यांदा वाढून घेतली, तेव्हा केतकीला बरं वाटायला हवं होतं. या धाकट्या बहिणीचं सगळं आयुष्य साबुदाणा नि औषधी पिठावर गेलेलं. प्रथिनांमधला एक घटक तिच्या शरीरात पचायचाच नाही. साठत जायचा आणि मेंदूला बाधायचा. मग सांगलीत केतकीच्या प्रयोगशाळेनं एक जिवाणू घडवला. तो दह्यात वाढायचा आणि तो घटक फोडणारं विकर बाहेर सोडायचा. जेवणाआधी वाडगाभर दही खाल्लं, की बाई पंगतीला बसायला मोकळी!

"ताई, ते दे ना... ते, पाणी प्यायचं," गार्गी म्हणाली. पेला समोरच होता. "हल्ली असंच होतंय गं. काल वर्गात मुलांची नावं आठवेनात."

रोज दही खाऊनही तो घटक साठतोय की काय, असं केतकीच्या मनात आलं. तिनं हातातला घास ताटात ठेवला.

सकाळी तिनं प्रयोगशाळेतल्या जुन्या सहकाऱ्याला, मुजावरांना गाठलं. "दह्याची नुसती निवळी, वरचं पाणी तेवढं तपासा. जिवाणू फोडू नका."

"पण मॅडम, आपण नेहमी जिवाणू फोडूनच विकर मोजतो."

"तेच तर चुकलं असेल!"

आणि तेच चुकलं होतं. फोडलेल्या जिवाणूंत विकर ठासून भरलेलं, निवळीत मात्र नावालाही नाही.

गेल्या वर्षी लोकांनी ओरड केली होती, की दही फार आंबट आहे. सगळ्यात आधी नाक मुरडलं होतं ते गार्गीनंच. तिच्या हौसेखातर, आम्ल कमी सुटावं म्हणून केतकीनं जिवाणूभोवतीच्या पडद्यातले स्निग्ध पदार्थ बदलले. केवढी हुशारी वाटली होती तेव्हा! त्या पडद्यात प्रथिनं बाहेर सोडणारी दारं असतात. भोवती ऋण विद्युतभाराचे स्निग्ध पदार्थ असले तरच ती नीट चालतात. केतकीनं नेमके तेच घटवले होते. विकर आत बनत राहिलं आणि आतच अडून राहिलं.

"परत मागवू या," मुजावर म्हणाले.

"कुठून मागवणार? विरजण आहे ते! लोकांनी आंबट दही टाकून दिलं नि हे शेजारी, माहेरी, नणंदेकडे वाटलं. आजच्या आज सगळीकडे कळवा. मूळचा जिवाणू गोठवून ठेवलाय, तो पुन्हा वाढवू. पण मेंदूचं जे गेलं, ते गेलं हो."

घरी तिनं गार्गीला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

"म्हणजे मीच आंबट म्हटलं म्हणून?"

"नाही गं. चूक माझी. मी तपासायला हवं होतं."

गार्गीनं केतकीचा हात धरला. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसती भीती होती.

"ताई, तू आत्ता सांगितलंस ते मी विसरले, तर तू मला पुन्हा सांगशील? की विसरले तेच बरं झालं म्हणशील?"