दुसऱ्या माणसाची सही

ही गोष्ट मी शपथेवर सांगत नाही. माझ्या शपथेची आणि सहीची किंमत काय, ते पुढे कळेलच.

पण जे घडलं ते असंच घडलं. आणि रात्री-बेरात्री नाही, भर दुपारी. पावणेतीन वाजता.

माझं नाव हेमराज. गाव असोदा. जळगावजवळ विमान चालवायला शिकवणारी एक संस्था आहे, तिथे मी मेकॅनिक आहे. संस्थेचं नाव सांगत नाही, पोटाचा प्रश्न आहे.

गेल्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी आमच्या एका चार सीटच्या विमानाच्या शेपटीत ऑटोपायलटची मोटर बदलायचं काम निघालं.

ऑटोपायलट म्हणजे लोकांना काहीतरी जादू वाटते. तसं काही नाही. पायलटसमोरच्या पॅनेलमध्ये एक पेटी असते, विमान कुठे कललं हे तिला कळतं. ती शेपटीतल्या छोट्या मोटरला हुकूम सोडते. मोटर तार ओढते, तारेने शेपटीवरची एलिव्हेटरची पट्टी हलते आणि विमानाचं नाक वर-खाली होतं. बस. मोटरची पकड मुद्दाम हलकी ठेवलेली असते, म्हणजे ती अडून बसली तरी पायलट जोर लावून तिला हरवू शकतो.

मोठ्या विमानात तेलाच्या दाबावर सगळं हलतं. पायलट फक्त हुकूम देतो, वाऱ्याचा जोर त्याच्या हाताला कळतच नाही. तो जोर हाताला वाटावा म्हणून खोटा तयार करावा लागतो.

आमच्या छोट्या विमानात तसं नाही. पायलटच्या हातातला योक, म्हणजे स्टिअरिंगसारखं चाक, तारेने थेट शेपटीला बांधलेला. योक हलवला की शेपटी हलते. आणि शेपटीतली तार कुणी ओढली, तर योक हलतो.

हे लक्षात ठेवा.

या तारांना हात लावला की दोन माणसांनी तपासायचं, हा नियम. एकाने काम करायचं, दुसऱ्याने स्वतंत्रपणे बघायचं. मग दोघांच्या सह्या. बघताना एकजण योक मागे ओढतो, बाहेरचा ओरडतो "वर". पुढे ढकलतो, बाहेरचा म्हणतो "खाली". मग योक मध्ये आणून थांबायचं. बाहेरच्याने "बरोबर" म्हणेपर्यंत थांबायचंच.

हे मला शिकवलं जीवराम नानांनी. धुळ्याकडचे, साठीला आलेले. बायको सुंदरबाई गावी, हे जळगावात खोली करून एकटे. शेपटीत पोटावर सरपटत शिरायचे आणि बोटांनी तार चाचपायचे. म्हणायचे, "डोयाले जे दखास नही, ते हातले समजस."

त्या दिवशी काम अर्धं राहिलं. बाकीचं शनिवारी करायचं ठरलं. आणि मला तर आखाजीला घरी जायचं होतं. पुरणपोळी, आमरस, बहीण माहेराला आलेली.

मी तपासणीच्या कोऱ्या कागदावर दुसऱ्या माणसाच्या जागी सही केली. तारीख टाकली शनिवारची.

नाना म्हणाले, "सही राहू दे भाऊ. शनवारले ये. दोन मानसं लागतस."

मी हसून म्हटलं, "नाना, तुम्ही असताना दुसरा कशाला?"

एवढं बोलून मी मोटरसायकलला किक मारली.

सोमवारी सकाळी हँगरचं शटर मीच उघडलं.

आधी आला तो वास...

मला वाटलं मुंगूस मेलं असेल. मागे केळीचे मळे, असं होतं कधी कधी. मग शेपटीखाली पाहिलं. पावसाचं पाणी निघून जावं म्हणून तिथे एक बारीक भोक असतं. त्यातून थेंब पडत होते. काळपट, चिकट. खाली थारोळं झालं होतं आणि त्यावर माश्या बसल्या होत्या.

नाना आत होते.

चव्वेचाळीस डिग्री ऊन, पत्र्याची शेपटी, आणि दोन दिवस. डॉक्टर म्हणाले शनिवारी दुपारीच गेले, तिनाच्या आसपास. उष्माघात, नाहीतर हृदय. बाहेर दुसरा माणूस असता तर पाय धरून ओढलं असतं, पाणी मारलं असतं.

त्यांना बाहेर काढायला मी होतो. त्यांच्या उजव्या हाताची मूठ तारेवर आवळलेली. मी एकेक बोट सोडवलं. बोटाचं कातडं माझ्या हातमोज्याला चिकटून आलं... पुढचं लिहवत नाही. त्या दिवसापासून मी आमरस तोंडात घेऊ शकलेलो नाही.

गेटवरचा लोटन पोलिसांना म्हणाला, "रविवारले दुपारले बी आवाज ई राहिंता. खट... खट... मले वाटनं नाना काम करी राहिनात."

रविवारी.

पोलिसांनी ते लिहून घेतलं नाही. उन्हाने माणूस बरळतो म्हणाले.

पण खरी किळस वाटावी अशी गोष्ट वेगळीच आहे. कागदावर मी त्या शनिवारी हँगरमध्ये होतो ना? माझी सही होती. मी पोलिसांनाही तसंच सांगितलं. नानांसोबत दुपारपर्यंत होतो, मग निघालो.

तेराव्याला सुंदरबाईंनी मला विचारलं, "तुम्ही संगेच व्हतात ना भाऊ? शेवटले काय बोलनात ते?"

मी म्हटलं, "तुमची आठवण काढत होते."

त्या माउलीने माझ्या हाताला हात लावून नमस्कार केला. मला माझाच हात तोडून टाकावासा वाटला.

विमान आठ महिने कोपऱ्यात पडून होतं. फिनेलने धुतलं, आतून रंग मारला. वास गेला असं सगळे म्हणायचे. माझ्या नाकातून काही गेला नाही.

यंदा जानेवारीत ते पुन्हा वापरायचं ठरलं. दोन विमानं दुरुस्तीला होती, आणि विद्यार्थी खोळंबले होते. त्यांत माझी भाची कामिनी. चोपड्याची, मंदाबाईची, म्हणजे माझ्या बहिणीची एकुलती एक. एकटीने लांबचं उड्डाण करायची तिची पहिलीच वेळ. पाचोऱ्यावरून फिरून परत. आणि तिच्या नावासमोर हेच विमान.

माझा सहकारी नवीन याने शेपटीतली मोटर पक्की करून सही केली होती. मोठे साहेब शालिग्राम यांनी कागद माझ्यासमोर सरकवला. "हेमराज, दुसरी सही टाक. उद्या सकाळी जायचंय."

मी शेपटीपर्यंत गेलो. सीटमागचा, शेपटीत शिरायच्या वाटेवरचा पडदा काढला. भपकन तोच वास... पडदा तसाच लावला.

आणि मी सही केली.

हो. केली. सगळं भोगून, पुन्हा. भाचीच्या विमानावर.

नवीन आणि साहेब चहाला गेले. मी पेन खिशात ठेवलं.

खट...

भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन.

विमानाची बॅटरी काढून टेबलावर ठेवलेली, माझ्या डोळ्यांसमोर. योक हलू नये म्हणून त्यात लाल फडक्याची खीळ घालतात. ती मी स्वतः सकाळी घातली होती.

काचेतून पाहिलं. खीळ सीटवर पडलेली होती.

आणि योक मागे येत होता. सावकाश... पूर्ण मागे. मग पुढे... पूर्ण पुढे. मग मध्ये.

थांबला.

हँगरमध्ये वारा नव्हता. रोज छताच्या कैचीवर घुमणारं एकही कबुतर नव्हतं.

पुन्हा मागे... पुढे... मध्ये. आणि थांबला.

मी दार उघडून योक दोन्ही हातांनी धरला. मोटरची पकड असती तर जोर लावल्यावर घसरली असती. ही घसरली नाही. तारेच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी गरम, मऊ होतं. फुगलेलं. मी दाबलं की ते दबायचं आणि परत भरून यायचं. मी हात सोडले तर तळवे चिकट झालेले.

तिथेच ओकलो.

मग कळलं. कामिनी उद्या यात बसणार आहे. आणि आत कुणीतरी दुसऱ्या माणसाची वाट बघतंय.

मी पडदा काढला आणि आत शिरलो. पोटावर, सरपटत, नानांसारखा. तोंडाने श्वास घेत. कापडाचा तुकडा तारेवरून फिरवत नेला. कप्पीजवळ तो अडकला. तारेच्या तीन बारीक लड्या तुटल्या होत्या. टॉर्च मारूनही दिसत नव्हत्या, कप्पीच्या मागच्या अंगाला होत्या. आणखी काही उड्डाणं, आणि तार तुटली असती. कदाचित पहिल्याच.

बरोबर त्याच ठिकाणी नानांची मूठ आवळलेली होती.

माझ्या हातातली तार हलली... मागे. मी म्हटलं, "वर." पुढे. "खाली."

थांबली.

"बरोबर नाही नाना," मी रडत म्हटलं. "तार बदलतो. मग सांगतो."

तार सैल पडली.

मी माझी सही खोडली. साहेबांनी शिव्या घातल्या, त्या ऐकून घेतल्या. नवी तार घातली. नवीनला योकवर बसवलं, सगळं पहिल्यापासून तपासलं. तो गेल्यावर शेपटीला हात लावून हळूच म्हटलं, "नाना, बरोबर."

काही हललं नाही. वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी कामिनी गेली आणि नीट परत आली. मी धावपट्टीच्या कडेलाच उभा होतो. खाली उतरून तिने हात पुसले, पुन्हा पुसले. मग वास घेऊन तोंड वाकडं केलं.

"मामा, योक चिकट होता. आणि एक गोष्ट... पाचोऱ्यावर मी ऑटोपायलट बंद केला. लाल बटण दाबलं, दिवाही विझला. तरी योक जरासा मागे गेला, मग पुढे, मग मध्ये येऊन थांबला. असं तीनदा झालं."

मी तिचा हात धरून तळवा पाहिला.

"घाबरले नाही," ती म्हणाली. "कुणी काही विचारतंय असं वाटलं. अशा वेळी काय म्हणायचं असतं, मामा?"

त्यानंतर मी ते विमान चार वेळा तपासलं. आत शिरून, हाताने. तार ठणठणीत आहे. सह्या खऱ्या आहेत. तरीही जो विद्यार्थी ते घेऊन जातो, तो परत येऊन हात पुसतो.

माझ्या "बरोबर"वर नानांचा विश्वास बसलेला नाही. का बसावा?

सुंदरबाईंचा नंबर फोनमध्ये आहे. त्यांना खरं सांगितल्याशिवाय माझा शब्द मोजला जाणार नाही, हे मला कळतं. रोज नंबर काढतो, बघतो, ठेवून देतो.

आखाजी आठ दिवसांवर आली आहे. कामिनीचं पुढचं उड्डाण आखाजीच्या दुसऱ्या दिवशी आहे. विमान तेच.