इंजिनातलं तेल कोणी नेलं?

"काशिराम, रात्री पार्किंगमध्ये तुझ्याशिवाय दुसरं असतं कोण?"

बाबांचा आवाज ऐकला आणि कादंबरी जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थबकली. तेरा वर्षांत तिने बाबांना काशिरामकाकांशी असं अरेतुरेत बोलताना कधी ऐकलं नव्हतं. काका त्यांच्या नवीन पनवेलमधल्या सोसायटीचे वॉचमन. तिच्या धाकट्या भावाला, देवेशला, सायकल शिकवली ती त्यांनीच.

बाबांच्या हातात मोटारसायकलचं तेल मोजायची पट्टी होती आणि तिच्या टोकाला तेल कसंबसं चिकटलं होतं. गेल्या रविवारी बाबांनी घरच्या घरी इंजिनाचं उजवं झाकण उघडून क्लचच्या नव्या प्लेटा बसवल्या होत्या आणि नवं तेल भरलं होतं. मदतीला कादंबरी होती. आज शुक्रवार. पाच दिवसांत इतकं तेल गायब, आणि खाली फरशीवर एक थेंबही नाही! काशिरामकाकांकडे एक जुनी मोपेड होती. संशय घ्यायला बाबांना तेवढं पुरलं.

सोसायटीचे सेक्रेटरी शेजारीच उभे होते. त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, की सोमवारपासून येऊ नका. काका वाद घालत बसले नाहीत. "मी तेल घेतलं नाय, साहेब," एवढंच म्हणाले आणि फाटकापाशी जाऊन उभे राहिले.

तिने लागलीच विनिताला गाठलं. विनिता उरणजवळच्या करंजा बंदरातली. सुट्टीत आत्याकडे, म्हणजे याच इमारतीत, राहायला आलेली. तिच्या वडिलांची मच्छीमारीची बोट होती आणि इंजिनाशी खेळतच ती वाढली होती. सगळं ऐकून तिने विचारलं, की तेल रात्री जातं की दिवसा, हे कोणी पाहिलंय का? कोणीच पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी बाबांनी तेल पुरतं भरलं आणि ते वर गेले. मग देवेशला धरून तिघांनी तेल भरायच्या झाकणावर आणि तेल काढून टाकायच्या तळाच्या बोल्टवर आईच्या नेलपॉलिशचा एकेक पट्टा ओढला. कोणी झाकण किंवा बोल्ट फिरवला तर पट्टा तडकणार, ही विनिताची युक्ती. देवेशला मात्र काळजी, की आईने रंग ओळखला तर?

सकाळी दोन्ही पट्टे जसेच्या तसे होते. म्हणजे रात्री कोणी हात लावलेला नव्हता! शनिवारी बाबा बेलापूरला ऑफिसात जाऊन आले. मुलांनी आधी पाहिलं, पट्टे तरीही शाबूत; पण मग बाबांनी तेल मोजायची पट्टी काढली तर तेल पुन्हा उतरलेलं. त्यांनी ते परत भरलं. बाबा म्हणाले, काशिरामने आता दिवसाही सुरू केलेलं दिसतंय. रात्रपाळी संपवून काशिरामकाका दिवसभर घरी झोपलेले असतात, हे बाबांच्या ध्यानातही आलं नाही. मुलं एकमेकांकडे बघतच राहिली. तेल गाडी चालताना जात होतं. चोर नव्हताच!

"मग सांगू या ना बाबांना," देवेश म्हणाला.

"नुसतं सांगून नाय पटणार," विनिता म्हणाली. "बोटीचं इंजिन गळलं की आमी ते पुसून कोरडं करतो आन् वर पावडर मारतो. जिथनं गळतंय तिथंच डाग पडतो."

रविवारी सकाळी बाबा देवेशला घेऊन करंजाला मासळीचा लिलाव बघायला निघणार होते. त्याआधी पेट्रोल भरून आणायचं होतं. देवेशने बाबांचं हेल्मेट पलंगाखाली सरकवून दिलं. ते शोधण्यात बाबांची दहा मिनिटं गेली. तेवढ्यात मुलींनी इंजिनाची उजवी बाजू रॉकेलच्या फडक्याने पुसली, कोरडी केली आणि अंगाला लावायची पावडर तिच्यावर भुरभुरली. गाडी डावीकडे कललेली, बाबाही डावीकडूनच बसले. त्यांना काहीच दिसलं नाही.

अर्ध्या तासाने ते परतले आणि रुमाल आणायला वर गेले. देवेश उडी मारून टाकीवर बसला. दोघी मुली उजवीकडे वाकल्या.

पांढऱ्या पावडरवर काळाकुट्ट ओघळ उतरला होता. झाकण आणि इंजिन जिथे जुळतात त्या फटीतून, खालच्या दोन बोल्टांच्या मधून. चालत्या गाडीत तेल तापून पातळ व्हायचं आणि तिथून बाहेर पडायचं. गाडी स्टँडवर डावीकडे कलली की ही बाजू उंच व्हायची आणि गळती थांबायची. म्हणून फरशी कोरडी!

विनिताने ओघळाचा माग घेत बोट मागे नेलं आणि तिचा चेहरा उतरला. मागच्या टायरची कड तेलाने चकाकत होती. कादंबरीने हात लावला, तर बोटं काळी झाली. उरणच्या रस्त्यावर कंटेनरचे ट्रेलर एकामागोमाग धावतात. तिथे हे चाक घसरलं तर? देवेश टाकीवर बसून पाय हलवत होता.

पण कादंबरीला खरा धक्का बसला तो वेगळाच. ते दोन बोल्ट तिच्या ओळखीचे होते. झाकण आणि इंजिन यांच्यामध्ये कागदासारखं पातळ गॅस्केट असतं. ते जुनं झालं की धातूला चिकटून कडक होतं. गेल्या रविवारी झाकण उघडताना ते फाटलं, आणि चिकटून राहिलेला भाग खरवडून काढायचं काम बाबांनी तिला दिलं होतं. तिला बॅडमिंटनला जायची घाई होती. ती स्क्रूड्रायव्हरने खरवडत सुटली, धातूवर चरे पडले, आणि याच दोन बोल्टांपाशी निघता निघेनात असे तुकडे राहिले. कोणाला दिसू नयेत म्हणून तिने त्यांच्यावर फट बुजवायची लाल पेस्ट चोपडली होती.

बाबा आले, त्यांनी किल्ली फिरवली. कादंबरीने ती खेचून काढली.

"बाबा, काकांनी काही केलं नाही. मी केलंय. मी नीट खरवडलं नव्हतं, वरून पेस्ट लावून लपवलं."

बाबांनी ओघळ पाहिला, टायर पाहिला, देवेशला उचलून खाली ठेवलं आणि ते पायरीवर बसले.

"नवं गॅस्केट मीसुद्धा आणलं नव्हतं," ते म्हणाले. "दुकान बंद होतं, म्हणून निम्मं फाटलेलं जुनंच पेस्ट लावून बसवलं. तू तुकडे लपवलेस, पण मी तरी एकदा बघायचं होतं. आणि आळ घेतला तो त्यांच्यावर."

त्या संध्याकाळी फाटकापाशी, सेक्रेटरी आणि चारचौघांसमोर, बाबांनी दुपारी झाकण उघडून काढलेलं फाटकं गॅस्केट पुढे धरून काशिरामकाकांची माफी मागितली. मग कादंबरीने स्वतःची चूक सांगितली. सेक्रेटरींनी आपला शब्द मागे घेतला आणि तिन्ही मुलांचं तोंडभरून कौतुक केलं. काकांनी मात्र रजिस्टर उघडून हजेरीची सही केली आणि ते पाण्याच्या पंपाकडे निघून गेले. कादंबरीला त्या रात्री जेवण गेलं नाही.

सोमवारी बाबा ऑफिसातून लवकर आले, येताना आपल्याच गाडीच्या मॉडेलचं नवं गॅस्केट घेऊन. या वेळी कादंबरीने प्लास्टिकच्या पट्टीने तासभर कड साफ केली. बाबांनी चरे बारीक पॉलिश कागदाने घासून सपाट केले, आणि एक कणही आत जाऊ नये म्हणून उघडं इंजिन कापडाने झाकून ठेवलं. नव्या गॅस्केटला पेस्ट लावायची नाही आणि बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे पिळायचे, हे विनिताने दोनदा बजावलं.

तेवढ्यात काशिरामकाका आपली खुर्ची घेऊन आले आणि शेजारी टेकले. त्यांनी इंजिनाच्या कडेवरून सावकाश बोट फिरवलं. खालच्या दोन भोकांपाशी ते थांबलं.

"आता साफ हाय," काका म्हणाले. "तू बोलली नसतीस तर कोनाला कळलंच नसतं, पोरी. तरी बोललीस. आन आता ते झाकन इकडं दे, मी धरतो."