ऐकलं तसं

दिवाळीनंतर आमच्या गल्लीतल्या बहुतेक दारांना कुलपं लागतात. देवगाव फाट्यावरून ट्रक भरून माणसं ऊसतोडीला जातात. यंदा आई पण गेली. माझी दहावी आहे, म्हणून मला शेजारच्या चतुराबाई मावशींकडं ठेवलं.

मावशींना अजिबात ऐकू येत नाही. मोठं अक्षर असलं की वाचता मात्र येतं. त्यांचा मुलगा मुंजाजीदादा आईच्याच टोळीत आहे. तो फोनवर बोलून निरोप पाठवतो. मी ऐकते आणि पाटीवर उतरवते.

"त्यो खोकला तर खोकला बी लिही," मावशी म्हणतात. "तुझं शाणपण नको घालू त्यात."

त्या संध्याकाळी लाइट गेली होती. सोमवारपासून आईचा फोन लागत नव्हता. दादाचा निरोप आला तशी मी चिमणीजवळ पाटी घेऊन बसले.

"माय, समदं ठीक हाय. ज्ञानेश्वरीला सांग, तिच्या आईचा फोन बिघडलाय. काळजी करू नको म्हनावं..."

मी लिहीत होते. त्याच्या बोलण्यामागं उसाच्या वाळल्या पाचटाची सळसळ होती. त्या सळसळीतून एक बाई हळूच म्हणाली, "खोटं बोलायलेत..."

माझा हात थांबला. मी निरोप परत लावला. आता नुसती सळसळ.

मावशींचं पाटीकडं लक्षच नव्हतं. त्या फोनकडं बघत होत्या.

"कोकिळा...?"

कोकिळावहिनी म्हणजे दादाची बायको. मागच्या हंगामात तिकडं फडातच वारली.

मी घाईघाईनं लिहिलं, 'तुमाला ऐकू आलं?'

"तिचं तेवढं येतं, माय."

तेवढ्यात फोनची बॅटरी संपली. खोलीत रॉकेलचा वास आणि शांतता. मी फोन कानाला लावून पाहिला. काहीच नाही. मावशींनी तो माझ्याकडून घेतला. मान कलती करून त्या हुंकार देऊ लागल्या. "हां... हां गं... बोल."

मी पाटी पुसली आणि त्यांच्यासमोर धरली. 'माझी आई कशी हाय?'

त्यांनी वाचलं. फोनच्या काळ्या पडद्याला हलक्या आवाजात विचारलं, "हिची आई... तुझ्यापाशी हाय?"

बराच वेळ त्या ऐकत राहिल्या. मग माझ्या हातातली पेन्सिल घेतली. त्यांना लिहिताना मी कधी पाहिलं नव्हतं. थांबत, ऐकत त्या एकेक अक्षर उमटवत गेल्या.

'चिमे, जेवलीस का?'

आई मला चिमे म्हणते, पण आम्ही दोघीच असताना. बाकी कुणाला ते नाव माहीत नाही.

मावशींनी तो बंद फोन माझ्या तोंडाशी धरला.

"सांग की," त्या म्हणाल्या. "थांबलीय ती."