चार मिनिटांचं इंजिन

“चार मिनिटं दहा सेकंद!” सेकंदने घड्याळ थांबवलं आणि तिचा चेहराच पडला.

अंगणात पाण्याने भरलेलं पिंप होतं. त्यात पंखा बुडवून, लाकडी घोड्यावर अडकवलेलं होडीचं इंजिन दोनदा खोकलं, थरथरलं आणि गप्प झालं.

सेकंद म्हणजे बारा वर्षांची एक काटकुळी मुलगी. दूध उतू जायला किती वेळ लागतो, बाबांची आंघोळ किती चालते, सगळं ती मनगटावरच्या घड्याळात मोजायची. सुट्टीला ती आणि तिची धाकटी बहीण मावशीकडे आल्या होत्या. ही धाकटी सेकंदच्या मागेमागे फिरायची, म्हणून शेपूट. आणि मावशीचा मुलगा भोंगा! त्याचं कुजबुजणंसुद्धा चार घरांपलीकडे ऐकू जायचं.

“बंद पडलं!” भोंगा ओरडला.

“दिसतंय रे सगळ्यांना! दवंडी कशाला पिटतोस?” काका वैतागले.

काका, म्हणजे भोंग्याचे बाबा, शिंपी होते. सुईत दोरा ओवावा तर त्यांनीच. पण इंजिनाची दोरी ओढताना त्यांची पार त्रेधा उडे. इंजिन मावशीचं. अकरा वर्षं तिने त्यावर माणसं पलीकडच्या काठाला पोचवली होती. आता मोठी होडी आली, मोठं इंजिन आलं. जुनं विकून बारा लाइफ जॅकेटं घ्यायची होती. ती घेतल्याशिवाय होडीत एकही उतारू बसवायला बंदराचे साहेब परवानगी देणार नव्हते, आणि हंगाम तर तोंडावर आलेला. दिवसभर मावशी धक्क्यावर नव्या होडीला रंग देत होती आणि इथे गिऱ्हाइकांना इंजिन दाखवायचं काम काकांच्या गळ्यात पडलं होतं.

आजचं गिऱ्हाईक म्हणजे जाळी विणणारे आजोबा. आयुष्यभर त्यांनी वल्ही मारली. आता खांदे दुखतात म्हणून पहिल्यांदाच इंजिन घ्यायला निघाले होते.

“दिसायला झकास आहे हो,” ते हळहळत म्हणाले. “पण भर पाण्यात असं बंद पडलं तर? साठ हजार म्हणजे माझी सगळी शिल्लक. नको बाबा!” आणि ते निघून गेले.

ते वळतात न वळतात तोच फाटकात दुसरेच गृहस्थ हजर! जुन्या इंजिनांची खरेदी-विक्री करणारे हे व्यापारी. दर वाक्याआधी जीभ टाळूला लावून चुकचुकत, म्हणून मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं चुकचुकराव.

“च्च च्च! पुन्हा बंद?” त्यांनी टाकीपासून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीवरचा रबरी फुगा अंगठ्याने चाचपला. टाकीच्या झाकणाकडे एकदा पाहिलं आणि पटकन नजर वळवली. “पंप गेलाय, शिंपीदादा. आतून खलास. पहिल्या दिवशी चाळीस म्हणालो होतो, परवा पंचवीस. आता पंधरा. भंगाराचाच भाव, पण तुमच्याकडे बघून देतो. उद्या दहाला येतो.”

संध्याकाळी मावशी आली ती कोपरापर्यंत निळी होऊन. सगळं ऐकून घेतलं, टाकी बाहेर आणली, नळी जोडली, दोरी ओढली. एका झटक्यात इंजिन सुरू! इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची बारीक धार मागून सरळ उडत राहिली. पाच मिनिटं, दहा, वीस! शेवटी मावशीनेच बंद केलं.

“बघा! बाईमाणसाच्या हाताला यश आहे!” काका खूश झाले.

मावशी मात्र हसली नाही. “माझ्या हातात चालतं आणि दुसऱ्याच्या हातात बंद पडतं, ते इंजिन चांगलं कसं म्हणू मी? ते आजोबा पाण्यात एकटे असतील तेव्हा मी जाणार आहे का दोरी ओढायला? नाही. खोटं बोलून कुणाच्या गळ्यात मारणार नाही. उद्या पंधराला देऊन टाकू.” तिने फडक्याने इंजिनाचं झाकण पुसलं. पुसलेलंच होतं, तरी पुन्हा पुसलं. “अकरा वर्षांत एकदाही दगा दिला नाही गं याने.”



दुसऱ्या दिवशी न्याहारी झाल्यावर तिघांची सभा पायरीवर भरली.

“मला एक कळत नाही,” सेकंद म्हणाली. “इंजिन भंगार आहे, तर चुकचुकराव तीन-तीनदा का येतात?”

“दया येत असेल,” भोंगा म्हणाला.

“त्यांना? परवा त्यांनी शेपटीला पेपरमिंट दाखवलं आणि स्वतःच खाल्लं!”

“ते मी विसरणार नाही!” शेपूट म्हणाली आणि रागारागाने हातातलं ज्यूसचं खोकं नळीने ओढू लागली. सुर्र सुर्र! खोक्याचे गाल आत गेले, पार चपटं झालं, आणि ज्यूस यायचा थांबला. “संपला,” ती म्हणाली. तोंड बाजूला केलं मात्र, फुस्स करून हवा आत गेली, खोकं फुगलं आणि तळातला ज्यूस पुन्हा नळीत चढला.

सेकंद ताडकन उभी राहिली. “फुगा! काल इंजिन बंद पडलं तेव्हा नळीवरचा फुगा असाच चपटा झाला होता! चला!”

टाकी काकांच्या शिवणाच्या खोलीत, इस्त्री केलेल्या सदऱ्यांच्या खाली होती. सेकंदने झाकण निरखलं. मधोमध एक छोटासा स्क्रू होता, अगदी करकचून आवळलेला.

“काका, हा कशाचा?”

“तो होय? तो मीच लावतो,” काका अभिमानाने म्हणाले. “उघडा राहिला की पेट्रोलचा वास सुटतो गं. गेल्या आठवड्यात एका नवऱ्या मुलाच्या कोटाला वास लागला होता! तेव्हापासून टाकी आत आली रे आली, की आधी स्क्रू घट्ट!”

“आणि बाहेर नेताना उघडता?”

काका वाकून झाकणाकडे निरखून पाहू लागले.

लगेच टाकी अंगणात गेली. स्क्रू तसाच ठेवून काकांनी इंजिन सुरू केलं. चार मिनिटं बावीस सेकंदांनी ते खोकलं आणि थांबलं. फुगा चपटा! सेकंदने स्क्रू सोडवला. सुस्स! टाकीने श्वास घेतला. फुगा दोनदा दाबला, दोरी ओढली आणि इंजिन असं गर्जलं की अंगणातल्या चिमण्या उडाल्या.

“टाकीला हवाच मिळत नव्हती!” सेकंद नाचू लागली. “मावशी सुरू करताना सवयीने स्क्रू उघडते, आणि तुम्ही आत आणल्यावर बंद करता!”

“म्हणजे दोष माझाच की!” काकांनी कपाळावर हात मारला. “आपलेच दात, आपलेच ओठ!”

“पण चुकचुकरावांनी काल झाकणाकडे पाहिलं होतं,” सेकंद हळूच म्हणाली. “त्यांना माहीत होतं, काका. पहिल्या दिवसापासून.”

मग तिने घड्याळ पाहिलं. “साडेनऊ. काका, स्क्रू पुन्हा घट्ट करा, आणि दहा वाजेपर्यंत कुणालाही काही सांगू नका. भोंग्या, जाळीवाल्या आजोबांना घेऊन ये!”

“तोंडाला टाके घालतो!” काका म्हणाले.

बरोबर दहाला चुकचुकराव आले. मावशी दाराशी उभी होती, आणि आजोबा ‘मला कशाला बोलावलं’ अशा चेहऱ्याने कोपऱ्यात. काकांनी दोरी ओढली. चार मिनिटांनी इंजिन थांबलं.

“च्च च्च! सांगितलं होतं ना, पंप गेलाय.”

“नक्की पंपच?” सेकंदने विचारलं.

“तीस वर्षं या धंद्यात आहे मी, बाळ! पंप बदलल्याशिवाय हे इंजिन पाच मिनिटंही चालणार नाही.”

“आणि चाललं असतं तर?”

“तर साठ काय, सत्तर मोजले असते!” चुकचुकराव ऐटीत हसले.

“ऐकलंत ना सगळ्यांनी?” भोंगा गरजला. गल्लीनेसुद्धा ऐकलं.

सेकंद पुढे झाली आणि दोन बोटांनी स्क्रू सोडवला. सुस्स! मावशीचे डोळे एकदम मोठे झाले. तिने आधी स्क्रूकडे, मग काकांकडे, मग चुकचुकरावांकडे पाहिलं. बाकी काही सांगावंच लागलं नाही.

काकांनी दोरी ओढली. पाच मिनिटं झाली, आठ झाली, बारा झाली. चुकचुकरावांच्या जिभेला आता टाळू सापडेना.

“म्हणजे... हवेचा स्क्रू होता तर! माझ्या लक्षातच... बरं, शब्द म्हणजे शब्द. घ्या सत्तर!” त्यांनी घाईघाईने पाकीट काढलं.

मावशी ताठ उभी राहिली. निळ्या रंगाचे डाग पडलेल्या तिच्या हातांची घडी होती.

“याची किंमत साठ आहे,” ती म्हणाली. “पहिल्या दिवशी साठ होती, आजही साठच. पण तुमच्यासाठी हे विकाऊ नाही. दुसऱ्याची चूक दिसत असताना जो मूग गिळून बसतो, त्याच्या हाती माझं इंजिन मी देणार नाही.”

चुकचुकराव फाटकाबाहेर पडले. या खेपेला चुकचुकण्याचा आवाज शेपटीने केला.

मग मावशी आजोबांकडे वळली. “आजोबा, हवं असेल तर तुम्ही घ्या. पण आधी ऐका. इंजिनाच्या झाकणाला इथे तडा आहे, मी सांधलाय. पंखा दोन वर्षांपूर्वी बदललाय. आणि थंडीत दोरी तीनदा ओढावी लागते.”

“जी बाई स्वतःच्या मालातले दोष सांगते, तिच्याशी घासाघीस कशी करू?” आजोबा म्हणाले. “साठ!”

दुपारी सगळे धक्क्यावर जमले. आजोबांच्या होडीला इंजिन बसलं. “टाकीचा स्क्रू!” पाचही जण एका सुरात ओरडले.

“उघडला, उघडला!” आजोबा हसले आणि होडी निघाली.

सेकंदने घड्याळ सुरू केलं. तीन मिनिटं. साडेतीन. चार. भोंगासुद्धा गप्प होता. चार मिनिटं दहा सेकंद! होडी तशीच पुढे जात होती, इंजिनाचा आवाज एकसारखा, निवांत.

“अकरा वर्षं माझ्या हाताला तो स्क्रू ठाऊक होता,” मावशी म्हणाली, “पण डोक्याला नव्हता. तुला दिसला. शाबास गं! नव्या होडीतलं पहिलं जॅकेट तुझं, आणि पहिल्या फेरीला पुढे बसायचं तेही तूच.”

“आणि मला?” शेपटीने विचारलं. “ज्यूस मी प्यायला होता!”

“तुला दोन खोकी!” काका म्हणाले. “आणि मला शिक्षा म्हणून जॅकेटांच्या सैल पट्ट्या फुकट शिवायच्या आहेत.”

होडी पलीकडच्या काठाला टेकली. आजोबांनी दोन्ही हात वर करून हलवले. दुखरे खांदे विसरूनच गेले असावेत. मावशी पदराने डोळे पुसत हसत होती. सेकंदने तिच्याकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच घड्याळ थांबवायचं विसरून गेली.